जुना कॅसेट डेक आणि घरातले आवाज

एखाद्या वस्तूचा काळ संपला असे आपण ठरवून टाकावे आणि नेमके त्यानंतरच तिच्यावाचून आपले अडावे, असे संसारात अनेकदा होते. कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत आज असेच झाले आहे. १९८० नंतरच्या वीस वर्षांत आपल्या घराघरांतून कॅसेटींचा एक तरी खण असे. त्यांतील विकत घेतलेली भावगीते, नाट्यगीते, अभंग यांपैकी पुष्कळसे आज इतर साधनांनी सहज ऐकावयास मिळते. त्यासाठी जुने यंत्र धुंडाळण्याची गरज नाही. परंतु त्याच खणात दोन-चार कॅसेटी अशा निघतात की, ज्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, लग्नातील मंगलाष्टके, आखाती देशात नोकरीस गेलेल्या मुलाला पत्राऐवजी पाठवलेला निरोप, ग्वाल्हेर-इंदूरकडील एखाद्या दिवाणखान्यात झालेली खासगी मैफल, चर्चमध्ये नाताळच्या रात्री गाइलेली गीते. या फिती अजून आहेत, त्यांवरील आवाजही बहुधा शाबूत आहे. नाही ते हा आवाज बाहेर काढणारे, विश्वासास पात्र असे यंत्र. आज मी ज्या दुरुस्तीविषयी बोलणार आहे, ती या दोन-चार कॅसेटींसाठी आहे.

डेक म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. घरोघरी असलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये फीत फिरवण्याची यंत्रणा, आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही तिन्ही अंगे एकाच पेटीत असत. डेकमध्ये यांपैकी शेवटची दोन अंगे नसतात. फितीवरील चुंबकीय खुणा अचूक गतीने वाचाव्या आणि त्यांचे विजेचे संदेश दुसऱ्या यंत्राच्या हवाली करावे, एवढेच त्याचे काम. काम एकच असल्यामुळे ते नीट व्हावे यासाठी चांगल्या डेकमध्ये जड गतिचक्र, उत्तम प्रतीचे हेड आणि स्थिर गतीची मोटर बसवलेली असे. जुना टेपरेकॉर्डर आणि जुना डेक यांत निवड करण्याची वेळ आली, तर जतनाच्या कामासाठी डेकच घ्यावा, तो याच कारणाने.

खिशात मावणारा ठोकळा

या साधनाचा इतिहास थोडक्यात असा. फिलिप्स कंपनीने ही कॅसेट १९६३ साली बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे मांडली. बेल्जममधील हासेल्ट येथे तिची आखणी करणाऱ्या मंडळींचे प्रमुख लू ओटेन्स हे होते. नवे यंत्र कोटाच्या खिशात मावले पाहिजे म्हणून त्यांनी त्या आकाराचा लाकडी ठोकळा आधी करून घेतला होता, असे सांगतात. २०२१ साली वयाच्या ९४व्या वर्षी ते वारले. त्या वेळी कॅसेटकडून कोणी उत्तम संगीताची अपेक्षा केली नव्हती. पत्रांचा मजकूर सांगणे, टिपणे घेणे यांसारख्या कामांना ती पुरेशी होती. पुढे फितीवरील चुंबकीय लेप सुधारला, यंत्रे सुधारली आणि १९७३ साली जपानच्या नाकामिची कंपनीने तीन स्वतंत्र हेडे असलेला डेक काढला, तेव्हा या लहानशा फितीतून केवढे काम होऊ शकते हे लोकांना कळून आले.

या सुधारणांपैकी एकीचा धागा आपल्या देशाशी जुळतो. फितीतून येणारा 'सूं' असा आवाज कमी करण्याची पद्धत शोधणारे रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात राहिले होते. येथून परतल्यावर १९६५ साली त्यांनी लंडन येथे आपली प्रयोगशाळा काढली. घरगुती यंत्रांसाठी त्यांनी योजलेली पद्धत १९६८ साली आली. 'डॉल्बी बी' हे शब्द जुन्या डेकवर आपण वाचतो, ते तिचेच नाव.

केसाहून बारीक हिशेब

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी एक हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे. कारण पुढील प्रत्येक कृतीचे कारण त्यात आहे. कॅसेटमधील फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकते. तिची रुंदी ३.८१ मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकी. आता ज्या ध्वनीची सेकंदाला १०,००० कंपने होतात, असा एक बारीक ध्वनी घ्या. झांजेची किणकिण किंवा 'स'काराचा सळसळाट या पट्ट्यात येतो. अशी १०,००० कंपने ४.७६ सेंटिमीटर लांबीत मावावयाची, तर एकेका लहरीच्या वाट्याला जेमतेम ४.७६ मायक्रॉन जागा येते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरील केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे केसाच्या जाडीइतक्या लांबीत अशा दहा ते वीस लहरी लिहिलेल्या असतात आणि त्या हेडमधील सुमारे एक मायक्रॉन रुंदीच्या फटीने वाचावयाच्या असतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. फीत आणि हेड यांच्यामध्ये एका मायक्रॉनचा जरी मळ आला, तरी हा ध्वनी जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो. खर्जातील स्वरांना त्याची फारशी बाधा होत नाही, कारण त्यांच्या लहरी लांब असतात. म्हणूनच मळलेल्या डेकवर आवाज येतो खरा, पण तो घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. ऐकणारा म्हणतो, "कॅसेट जुनी झाली." पुष्कळदा कॅसेट जुनी झालेली नसते; हेड पुसलेले नसते.

बाजारात काय पाहावे

मुंबईचा चोर बाजार असो, आपल्या गावचा जुना बाजार असो किंवा एखाद्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे बंद होत आलेले दुकान असो, जुना डेक घेताना त्याच्या चकाकीकडे न पाहता चार गोष्टी पाहाव्या. पहिली गोष्ट हेड. बॅटरीच्या उजेडात त्याचा दर्शनी भाग न्याहाळावा आणि नखाची कड त्यावरून अलगद फिरवावी. फितीच्या घर्षणाने पडलेली खाच नखाला अडत असेल, तर असा डेक स्वस्तात मिळाला तरी सोडून द्यावा. कारण झिजलेल्या हेडला घरगुती उपाय नाही आणि जुळणारे नवे हेड मिळवणे आज कठीण आहे. दुसरी गोष्ट, सर्व बटणे, दार आणि काटे जागेवर आहेत की नाहीत. तुटलेला प्लॅस्टिकचा दाता बाजारात विकत मिळत नाही. तिसरी गोष्ट, आत कोणी आधी हात घातला आहे काय. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असल्या, तारा भलतीकडे डाखलेल्या असल्या, तर नैसर्गिक बिघाडाबरोबर माणसाने केलेला बिघाडही आपल्याला शोधावा लागेल. 'मोटर फिरते, पण कॅसेट चालत नाही' असे विक्रेता सांगू लागला, तर मात्र घाबरू नये. ते बहुधा पट्ट्याचे दुखणे असते आणि सर्वांत स्वस्तात बरे होणारे दुखणे तेच.

चौथी गोष्ट वीज. जपानमधील घरगुती वापरासाठी केलेले डेक १०० व्होल्टवर आणि अमेरिकेतील १२० व्होल्टवर चालणारे असतात. आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेवर असा डेक थेट लावला, तर तो क्षणार्धात निकामी होईल. मागील बाजूस लिहिलेला आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नये. आकडा वेगळा असेल तर योग्य ट्रान्सफॉर्मर घ्यावा. शिवाय काही फार जुन्या डेकमधील मोटरची गती विजेच्या आवर्तनांवर अवलंबून असते. ६० आवर्तनांसाठी केलेली अशी मोटर आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर सहाव्या हिश्श्याने मंद फिरते आणि तेथे ट्रान्सफॉर्मर उपयोगी पडत नाही.

फीत का गुंतते

ज्या प्रसंगाच्या भीतीने लोक जुन्या कॅसेटी यंत्रात घालण्यास धजत नाहीत, तो प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. आवाज अचानक लडखडतो, दार उघडावे तो फितीचे भेंडोळे बाहेर येते आणि तिचा दुसरा शेंडा आत कोठेतरी गुंडाळलेला असतो. हे का घडते, हे नीट समजले तर दुरुस्तीचा अर्धा भाग समजला.

फितीला पुढे ओढण्याचे काम कॅसेटची चाके करीत नाहीत. ते काम कॅपस्टन नावाचा पोलादी दांडा आणि त्याला टेकणारा रबरी रोलर हे दोघे करतात. दोघांच्या चिमटीतून फीत ठरलेल्या गतीने पुढे सरकते. दांड्याची जाडी अडीच मिलिमीटर धरली, तर तो सेकंदाला सुमारे सहा फेरे करतो. चिमटीतून बाहेर पडलेली फीत गुंडाळून घेण्याचे काम उजव्या बाजूच्या चाकाचे. आता समजा, ते चाक काही कारणाने थांबले. चिमटी तर फीत पुढे लोटीतच असते. तिला घेणारे कोणी नसते. मग त्या फितीचा फुगा होतो, तो रोलरला चिकटतो आणि रोलरभोवती वेढे पडू लागतात. चांगल्या डेकमध्ये चाक थांबताच यंत्र बंद करणारी योजना असते, परंतु जुन्या डेकमध्ये तीही आळसावलेली असते.

उजवे चाक थांबण्याचे नेहमीचे कारण रबर हेच आहे. काही डेकमध्ये चाकाला गती देणारे एक लहान मधले चाक असते व त्याच्या कडेला रबरी धाव चढवलेली असते. चाळीस वर्षांनी ही धाव टणक आणि गुळगुळीत होते. मग ती चाकाला फिरवण्याऐवजी त्यावरून घसरते. कॅपस्टनला टेकणारा रोलर असाच चकचकीत झाला, तर फीत सरळ न जाता वर किंवा खाली सरकते आणि तिची कड दुमडते. तेव्हा फीत गुंतण्याचा दोष पुष्कळदा कॅसेटला दिला जातो, पण अपराधी यंत्रातील रुपयाएवढे रबर असते.

दुरुस्तीचा क्रम

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्लग काढून ठेवल्याशिवाय झाकण उघडू नये, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत साठलेली वीज उतरण्यास काही वेळ द्यावा. विजेच्या पुरवठ्याच्या भागात ज्यांनी पूर्वी काम केलेले नाही, त्यांनी तो भाग जाणत्या कारागिराकडून करून घ्यावा. यात कमीपणा मुळीच नाही. प्रत्येक टप्प्यावर फोनने छायाचित्र घ्यावे आणि काढलेले स्क्रू एका जाड कागदावर जागेप्रमाणे टोचून ठेवावे. उघडताना जे सहज लक्षात राहील असे वाटते, ते आठ दिवसांनी आठवत नाही.

पहिले काम सफाईचे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि काडीला गुंडाळलेला कापूस एवढे साहित्य पुरे. हात धुण्यासाठी मिळणाऱ्या निर्जंतुक द्रवात ग्लिसरीन असते. ते येथे चालत नाही. हेड, कॅपस्टन आणि फीत ज्यावरून जाते ते सर्व धातूचे भाग कापसावर तपकिरी डाग येईनासा होईपर्यंत पुसावे. कॅपस्टन हाताने फिरवीत फिरवीत पुसावा, कारण त्यावर चिकटलेला थर त्याची जाडी वाढवतो आणि जाडी वाढली की गतीही वाढते. रबरी रोलरला मात्र अल्कोहोल वारंवार लावू नये. त्याने रबर सुकते. साबणाच्या पाण्याने पुसून तो कोरडा करावा. त्यावर तडे गेले असतील, तर तो बदलावा.

दुसरे काम पट्ट्यांचे. मोटरची गती गतिचक्राला पोचवणारे रबरी पट्टे कालांतराने सैल होतात आणि काही जातींचे पट्टे तर चक्क वितळून डांबरासारखे होतात. हे डांबर हातमोजे घालून, खाली जुने वर्तमानपत्र पसरून, अल्कोहोलने धीराने काढावे लागते. चक्राच्या खाचेत त्याचा कण जरी राहिला, तरी प्रत्येक फेऱ्याला आवाजात हिसका बसतो. नवा पट्टा मागवताना जुन्याचे माप घेऊ नये, कारण तो ताणलेला असतो. पट्ट्याच्या मार्गावरून दोरा फिरवून ती लांबी मोजावी आणि तीपेक्षा शेकडा पाच ते दहाने लहान पट्टा घ्यावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, हैदराबादचा कोठी भाग अशा ठिकाणच्या सुट्या भागांच्या दुकानांतून चौकशी करावी. तात्पुरते म्हणून कागद बांधण्याचे रबर लावण्याचा मोह होतो. पण त्याची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि गाण्याला कंप सुटतो.

तिसरे काम तेल-ग्रीसचे. कारखान्यात घातलेले ग्रीस चाळीस वर्षांत मेणासारखे घट्ट होते आणि सरकणाऱ्या पट्ट्या जागच्या जागी अडकतात. अशा वेळी बटण दाबूनही हेड वर येत नाही आणि मोटर जळाली असे माणूस समजतो. जुने ग्रीस पूर्ण काढून नवे अगदी पातळ लावावे. कॅपस्टनच्या बेअरिंगला शिलाईयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो; दोन थेंब घातले, तर दुसरा पट्ट्यावर जातो आणि केलेले काम वाया जाते.

चौथे काम विजेच्या जोडांचे. ध्वनिमुद्रण आणि ध्वनिवादन यांची अदलाबदल करणारा एक लांबट सरकता स्विच अनेक डेकमध्ये असतो. त्याला अनेक संपर्कबिंदू असतात आणि दमट हवेत ते काळे पडतात. गोव्यात आणि घाटमाथ्यावर पावसाळा काढलेल्या यंत्रांत हा बिघाड फार आढळतो. डाव्या बाजूचा आवाज येतो, उजव्या बाजूचा येत नाही. बटण हलवले की खरखर होते. संपर्क साफ करणारा द्रव आत फवारून स्विच वीस-पंचवीस वेळा मागेपुढे केला, तर बहुधा दोन्ही बाजू जिवंत होतात. कपॅसिटर मात्र सरसकट बदलू नयेत. आवाजात घुमारा येत असेल, तर वीजपुरवठ्यातील कपॅसिटर प्रथम तपासावे. बदलताना धन-ऋण टोके तीच ठेवावी आणि व्होल्टचा आकडा मूळ आकड्याहून कमी घेऊ नये. जे चालू आहे ते सुधारण्याच्या हौसेत चांगला डेक बिघडवल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

गती आणि कोन

डेक फिरू लागला, आवाज येऊ लागला, म्हणजे तो दुरुस्त झाला असे नव्हे. दोन गोष्टी जुळवावयाच्या राहतात. पहिली गती. ३,००० किंवा ३,१५० कंपनांचा एकच स्वर मुद्रित केलेली चाचणीची कॅसेट मिळते. ती लावून फोनवरील कंपनमापकावर आकडा पाहावा आणि मोटरच्या मागे किंवा जवळच्या पट्टीवर असलेला लहान स्क्रू किंचित फिरवून आकडा जुळवावा. गती शेकडा सहाने अधिक असली, तर स्वर अर्ध्या पट्टीने चढतो. म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. संगीताचा जाणकार हे ओळखतो. इतरांना केवळ 'आवाज ओळखीचा वाटत नाही' एवढेच जाणवते.

दुसरी गोष्ट हेडचा कोन, ज्याला अझिमथ म्हणतात. हेडमधील ती एका मायक्रॉनची फट फितीच्या चालीशी बरोबर काटकोनात असली पाहिजे. ती जरा तिरपी झाली, की फट लहरीला एकाच क्षणी सर्वत्र भेटत नाही. वरच्या कडेला एक लहर, तर खालच्या कडेला दुसरी, असे होऊन बारीक ध्वनी परस्परांना खाऊन टाकतात. हेडच्या एका बाजूस स्प्रिंगवर बसवलेला स्क्रू असतो. तो अंशमात्र फिरवीत कानाने ऐकावे. 'स', 'श' ही अक्षरे सर्वांत स्पष्ट होतील तेथे थांबावे.

येथे एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्या घरातील कॅसेट ज्या यंत्रावर मुद्रित झाली, त्या यंत्राचा कोनच कदाचित तिरपा असेल. मग आपला डेक कितीही अचूक असला, तरी ती कॅसेट अस्पष्टच वाजणार. अशा वेळी त्या कॅसेटपुरता कोन तिच्याशी जुळवून घ्यावा आणि काम झाल्यावर चाचणीच्या कॅसेटने तो पूर्ववत करावा. गतीच्या बाबतीत मात्र असे करू नये. गतीची चूक नक्कल काढल्यानंतर संगणकावर दुरुस्त करता येते. कोनाच्या चुकीने जे बारीक ध्वनी हेडने वाचलेच नाहीत, ते नंतर कोणत्याही संगणकाला परत आणता येत नाहीत. जतनाच्या कामातील सर्वांत उपयुक्त नियम कोणता असे मला कोणी विचारले, तर मी हाच सांगेन.

गतीच्या चुकीचे एक उदाहरण सांगतो. आमच्या चर्चमधील गायकवृंदाने १९८६ सालच्या नाताळात गाइलेल्या गीतांची एक कॅसेट माझ्याकडे आली. ती बॅटरीवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेली होती आणि बॅटऱ्या उतरत चाललेल्या होत्या. मुद्रण करताना फीत मंद फिरली, म्हणून आता योग्य गतीने वाजवताना गाणे जलद व उंच ऐकू येई. पहिल्या गीतात थोडे, शेवटच्यात पुष्कळच. वृंदातील एका बाईंची मुलगी ते ऐकून म्हणाली, "हा आईचा आवाज नव्हे." घरातल्या विजेवर मुद्रण झाले असते, तर पार्श्वभूमीवरील ५० आवर्तनांच्या घुमाऱ्यावरून मूळ गती काढता आली असती, बॅटरीमुळे तोही आधार नव्हता. पण त्या रात्री वाजवलेली बाजाची पेटी चर्चमध्ये अद्याप आहे आणि गीतांच्या जुन्या वहीत प्रत्येक गीतापुढे पट्टी लिहून ठेवलेली होती. पेटीवर ती पट्टी धरून प्रत्येक गीताची गती संगणकावर निरनिराळी उतरवली. शेवटच्या गीताला जवळजवळ अर्धी पट्टी खाली यावे लागले. ते पुन्हा लावले तेव्हा त्या मुलीला काही विचारावे लागले नाही. तिने ते गीत तीनदा ऐकले.

यंत्र आधी, फीत नंतर

दुरुस्त डेकमध्ये पहिली कॅसेट कोणती घालावी? जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती नव्हे. प्रथम एखादी निरुपयोगी कॅसेट दोन्ही बाजूंनी, पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत वाजवावी. फितीच्या कडा दुमडत नाहीत, उजवे चाक शेवटपर्यंत समान ताणाने गुंडाळते, थांबल्यावर फीत सैल राहत नाही, एवढे पटल्यावरच मोलाची कॅसेट काढावी.

तिचीही आधी तपासणी करावी. मागील बाजूचे दोन लहान प्लॅस्टिकचे दाते मोडलेले नसतील तर मोडावे, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. मधोमध तांब्याच्या पट्टीवर बसवलेला लोकरी तुकडा जागेवर आहे की गळून पडला, हे पाहावे. फीत हेडला टेकवून धरण्याचे काम तोच करतो. षट्कोनी पेन्सिल चाकात घालून फीत थोडी फिरवावी. ती अडखळत असेल, तर कवच बदलावे. पाच स्क्रूंचे कवच सहज उघडते आणि तशाच दुसऱ्या रिकाम्या कवचात फितीची दोन्ही वेटोळी अलगद उचलून ठेवता येतात. फितीवर पांढरट बुरशी दिसत असेल, तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नये. बुरशी हेडला, तेथून दुसऱ्या कॅसेटींना लागते. तुटलेली फीत जोडण्यास तिच्यासाठी मिळणारी खास चिकटपट्टीच वापरावी. साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरून पुढचे वेढे चिकटवतो. ९० मिनिटांच्या कॅसेटमधील फीत सुमारे १२ मायक्रॉन आणि १२० मिनिटांच्या कॅसेटमधील केवळ ९ मायक्रॉन जाड असते, हे लक्षात घेऊन या कॅसेटींना अधिक जपावे आणि त्या वारंवार मागेपुढे पळवू नयेत.

मग डेकची तार संगणकाला जोडून एका दमात नक्कल काढावी. मुद्रण ज्या डॉल्बीत झाले असेल, तीच कळ दाबावी. घरगुती टेपरेकॉर्डरवरील मुद्रणाला बहुधा ती लागत नाही. नक्कल संक्षिप्त न करता पूर्ण स्वरूपात ठेवावी आणि एक प्रत घराबाहेर, नातलगांकडे द्यावी. सर्वांत शेवटी, पण विसरू नये असे काम म्हणजे नोंद. आवाज कोणाचा, गाव कोणते, साल कोणते, मध्येच हसणारे मूल कोण, हे सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून लिहून घ्यावे. पट्टा नवा मिळतो, रोलर नवा मिळतो. ही माहिती दुसरीकडे कोठेही मिळत नाही.

तेव्हा श्रोतेहो, खणातील कॅसेटी काढाव्या आणि त्यांचे दोन भाग करावे. ज्या बाजारातून आणल्या त्या एका बाजूस ठेवाव्या. त्यांना घाई नाही. ज्यांवर हाताने नावे लिहिली आहेत, त्या दुसऱ्या बाजूस ठेवाव्या आणि त्यांतही ज्यांतील माणसे आज हयात नाहीत, त्यांचा क्रम पहिला लावावा. डेक दुरुस्त करण्याचे सारे कष्ट त्या लहानशा ढिगाऱ्यासाठी आहेत. तो ढिगारा बहुधा ओंजळीत मावेल एवढाच असतो; म्हणून हे काम एका पावसाळ्याच्या सुटीच्या दिवसांत पुरे होण्यासारखे आहे आणि पुढच्या पावसाळ्यावर टाकण्यासारखे नाही.